चुडामण नानांचा पाच वाजताचा राम राम

सावद्यात कोंबडा आरवायच्या आधी चुडामण नानांचा मेसेज यायचा. आता मेसेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि 'शुभ सकाळ' आलं असेल, तर ते पुसून टाका. त्या फुलांचा नानांना भारी तिटकारा. "मढ्यावर टाकायची फुलं सकाळी सकाळी जिवंत माणसाले काहून पाठवता रे?" असं ते तोंडावर विचारत. त्यांचा मेसेज ज्याचा त्याला, नावानिशी असायचा. 'उखर्डू, ऊठ. सूर्य काही तुझ्या सासऱ्याचा गडी नाही, तुझ्यासाठी थांबायला.' किंवा, 'भूपेंद्र, रात्री भरताच्या पार्टीत पोटाला तडस लागेपर्यंत हाणलंस, आज बायकोच्या भाजीला नावं ठेवू नकोस.' लोक शिव्या घालत वाचायचे, पण वाचल्याशिवाय चूळ भरायचे नाहीत.

ही खोड त्यांना धंद्यातून लागली. नाना केळीच्या बागा कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. कापणीला उजाडायच्या आत शेतात पोचावं लागतं, आणि मजूर काही आपण होऊन उठत नाहीत. मुकादमाने दारोदार जाऊन, एकेकाच्या नावाने, सात पिढ्यांचा उद्धार करत उठवायचं, हाच रिवाज. तीस वर्षं नानांनी तेच केलं. मग गुडघे गेले, टोळी दुसऱ्याकडे गेली, बायको तर त्याआधीच देवाघरी गेलेली. पहाटे उठून उठवायला कोणी नाही म्हटल्यावर माणूस कासावीस झाला. तेवढ्यात मुलाने, नवीनने, फोन घेऊन दिला. मग काय विचारता! नानांनी टोळी सोडून अख्खं गाव उठवायला घेतलं.

पुढे नवीनचं लग्न झालं, त्याच सुमारास नानांना मोतीबिंदू झाला आणि फोनवरची अक्षरं मुंग्या चालल्यागत दिसायला लागली. तेव्हा धावून आली सून, कामिनी. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. सासऱ्याची तगमग बघून तिने एक प्रोग्राम लिहिला. नानांनी संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचं, "उखर्डूला असं लिही, भूपेंद्रला तसं लिही," आणि पाचच्या ठोक्याला प्रोग्रामने सगळ्यांना धाडायचं. ते ॲप चालवणाऱ्या कंपनीने म्हणे प्रोग्रामवाल्यांसाठी एक मागचं दार फुकट उघडं ठेवलं होतं. त्या दाराने कामिनीचा प्रोग्राम आत शिरायचा आणि मेसेज टाकून यायचा. गावाला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. "या वयात पहाटे उठतो गडी, तब्येत बघा!" असं गाव म्हणायचं. आणि गडी सात वाजेपर्यंत तोंडावर गोधडी घेऊन घोरत पडलेला असायचा.

पण जाग आली की नाना पहिलं काम एकच करत. चष्मा चढवायचा, फोन नाकाला लावायचा आणि धुळ्याच्या अक्काने मेसेज वाचला की नाही ते बघायचं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या की मग चहा.

सुगंधाबाई, म्हणजे अक्का, नानांची थोरली बहीण. धुळ्यात दिल्याला पन्नास वर्षं होत आली, बोलणं पक्कं अहिराणी झालेलं. आई गेल्यावर नानांना तिनेच न्हाऊमाखू घातलं, तिनेच बदडलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नाना स्वतः धुळ्याला जाऊन तिला माहेरी आणत. मग तीन वर्षांपूर्वी नवीनचं लग्न निघालं आणि नानांनी माती खाल्ली. लग्नाला सख्ख्या बहिणीला मूळ लावावं लागतं. म्हणजे भावाने दारात जाऊन, हात धरून आणायचं. नानांनी काय केलं? फोनवर पत्रिका पाठवली. हलणारा गणपती, सनईचे सूर, आणि खाली ओळ : 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.'

अक्का म्हणाली, "समजावे? मी काय समजू? गणपती हालस म्हनीसन मी हालू का?" ती आली नाही. नाना म्हणाले, "पत्रिका पाठवली, तिनं वाचली, निळ्या खुणा झाल्या, अजून काय माझं मुंडकं पाठवू?" दोघंही एकाच आईची. त्यानंतर ना ती आली, ना हे गेले, ना फोनवर बोलणं. पाठची तीन वर्षं बहीणभावात राहिलं होतं ते एवढंच : पाच वाजता इकडून मेसेज जायचा आणि थोड्या वेळाने खुणा निळ्या व्हायच्या. अक्काने उलट अक्षरही कधी लिहिलं नाही. तिला नाना टोमणाही मारत नसत. कामिनीला सांगून ठेवलं होतं, "अक्काले रोज फक्त 'अक्का, राम राम' जाऊ दे."

एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पण फुकटाचं दूध कोणी किती दिवस पाजतं? एके दिवशी कामिनी लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. "नाना, कंपनीने मागचं दार अरुंद केलं. फुकटात आता फक्त पंचवीस जणांना पाठवता येईल. जास्तीसाठी पैसे भरायचे."

"राम रामाले पैसे?" नाना उसळले. "उद्या जांभई द्यायचे मागतील भामटे! आधी सवय लावायची, मग भाव सांगायचा. हा तर आपला केळीचा व्यापार झाला."

शेवटी माणसं कापायला बसले. सरपंच गेले, कारण ते उलट टपाली गुलाब पाठवायचे. दोन चुलत भाऊ गेले. कामिनीच्या वडिलांवर आले तेव्हा तिने नुसतं बघितलं आणि व्याही राहिले. शेजारी उखर्डू मात्र गेला. "भिंतीपलीकडं तर राहतो. मी खोकललो तरी उठतो."

"आणि अक्का? त्या तर कधी उत्तरच देत नाहीत," कामिनी म्हणाली.

"उत्तर मागून राह्यलं कोण? वाचते ना? तिचं नाव पहिलं ठेव."

दुसऱ्या दिवशी गावात जो शिमगा झाला, तो काय वर्णावा. ज्यांना मेसेज आला ते पारावर मुद्दाम मोठ्याने वाचत होते, आणि ज्यांना आला नाही ते आपला फोन आपटून बघत होते. सरपंचांनी यामागे विरोधकांचा हात पाहिला. उखर्डू तर जन्माचा दुखावला. बेचाळीस सालच्या दोस्तीपेक्षा... जाऊ द्या, दोघांचा जन्मच मुळी त्यानंतरचा, पण उखर्डू भांडताना तसंच म्हणतो. त्याने नानांशी बोलणं सोडलं आणि भिंतीवरून येणारी ठेच्याची वाटीही बंद केली. नानांच्या शिव्यांवाचून गावाचं एवढं अडेल, असं कोणाला वाटलं असतं?

आणि मग दीड-दोन महिन्यांनी ते दारच बुजलं. फुकट काही नाही, पंचवीस नाही, एक नाही. कामिनी म्हणाली, "मी भरते पैसे." नाना म्हणाले, "खबरदार!" मग तिने हळूच विचारलं, "मग अक्काचं काय करायचं?"

खरी अडचण तीच होती. प्रोग्राम पाठवायचा तेव्हा ते प्रोग्रामचं काम होतं. नानांचा ताठा जागच्या जागी राहायचा. आता राम राम घालायचा तर स्वतःच्या बोटाने घालायला हवा, म्हणजे नमतं घेणं आलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. पण पहाटे पाचच्या आधी माणूस उठून बसला होता, तीन वर्षांत पहिल्यांदा. अंगठ्याशेजारच्या बोटाने एकेक अक्षर टिपून 'अक्का, राम राम' लिहिलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

मेसेज जाईना. छोटं घड्याळ आलं आणि तिथंच बसलं. नानांनी फोन बंद करून चालू केला, खिडकीत धरला, ओट्यावर नेला, हवेत उंच धरला. घड्याळ हलेना. तेव्हा नानांच्या डोक्यात आलं : अक्काने आपल्याला ब्लॉक केलं. तीन वर्षं वाचत होती, आणि आज, आपण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं तर तिने दार लावून घेतलं. त्यांना अगदी रडू फुटायला आलं, पण सुनेसमोर रडतील तर ते चुडामण कसले! "फोन बिघडला," एवढंच बोलले.

कामिनीने बघितलं आणि म्हणाली, "नाना, फोन ठणठणीत आहे. ॲपच बंद पडलंय. सगळ्या जगाचं. माझं ऑफिसचं कामसुद्धा त्याच कंपनीवर चालतं, तेही ठप्प आहे."

"सगळ्या जगाचं एकदम? आटली तर एका गावाची विहीर आटते, पोरी. तू मले शिकवू नको. शकीलकडं जाऊ."

शकील म्हणजे जळगावचा मोबाईल दुरुस्तीवाला, मेहरूणचा. त्याचे वालिद रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासून नानांचा तिथे विश्वास. कामिनीला काम नव्हतंच. नवीन पहाटेच्या पाळीला कारखान्यात गेलेला, तिथे फोन गेटवर जमा करतात. तिने दाराला कुलूप घातलं आणि सासऱ्याचा दंड धरून बसथांब्याकडे निघाली. नानांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला होता आणि वरून हात दाबून धरला होता, न जाणो पडला तर! तोंड एवढंसं झालेलं. भिंतीपलीकडून उखर्डू हे सगळं बघत होता. विचारायची फार इच्छा झाली त्याला, पण रुसवा आडवा आला.

शकीलच्या दुकानात जत्रा भरली होती. जो तो आपला बिघडलेला फोन नाचवत होता, आणि शकील काउंटरवर उभा राहून ओरडत होता, "भाईलोग, फोन चांगले आहेत! वरची कंपनी बसली आहे! घरी जा, बायकोशी बोला!" कोणी हलेना. नानांना बघून तो हात जोडून म्हणाला, "नाना, कम से कम तुम्ही तरी समजून घ्या."

"खोल," नाना म्हणाले.

"काय खोलू? आत काही नाही झालं."

"तुझ्या बापानं रेडिओ न खोलता कधी सांगितलं होतं का?"

बापाचं नाव काढल्यावर शकीलने कपाळाला हात लावला आणि फोन खोलला. आतून दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिठाची बारीक रांगोळी निघाली. ती पुसून, सगळे भाग सुटे करून, चहा पाजून, परत जोडून देईपर्यंत दुपार कलली. तोवर फोन अर्थातच बंद होता. चालू केला तर घड्याळ तसंच होतं. नाना परतीच्या बसमध्ये बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मध्येच म्हणाले, "लहानपणी मले फार मारायची ती. पण दुसऱ्याले हात लावू देत नव्हती."

गल्लीच्या तोंडाशी आले आणि दोघांचे पाय थांबले. घरासमोर ही गर्दी! पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढून भिंतीला टेकलेले, बाया ओट्याखाली बसलेल्या, दोन जीपगाड्या उभ्या, आणि रडण्याचा आवाज. मयतीच्या घरी लोक दारावर येतात, तसे आले होते.

"नवीन?" नाना म्हणाले. ते कामिनीच्या अंगावर कलंडले.

"नाही नाही, नाना! आत्ता बसमध्ये त्याचा फोन आला होता ना, पाळी सुटली म्हणून! तो ठीक आहे."

"मग आपल्या घरी मेलं कोण?"

तेवढ्यात बायांमधून एक आवाज वर चढला. "मना भाऊ रे! मना चुडामण रे! कोठे गया रे तू!"

नानांनी कान टवकारले. तो आवाज त्यांनी शंभर बायांत ओळखला असता.

झालं होतं ते असं. पाच वाजले, सहा वाजले, धुळ्याला अक्काच्या फोनवर राम राम आला नाही. नाना दवाखान्यात डोळा कापायला गेले होते त्या दिवशीही आला होता. आता प्रोग्रामला डोळे नसतात, हे अक्काला कुठून ठाऊक असणार? तिच्या मुलाने, भूषणने, नानांना फोन लावला तर बंद. नवीनचा गेटवर. कामिनीचा नंबर त्या घरी कोणाकडे नव्हताच, कारण सुनेचं तोंडच कोणी बघितलं नव्हतं. शेवटी उखर्डूला लावला. उखर्डू म्हणाला, "मले काही सांगत नाही तो आता. पण सकाळी सून धरून घेऊन गेली त्याले. छातीवर हात दाबून चालला होता. घराले कुलूप हाये." झालं! अक्काने जीप करायला लावली. ती दारात येऊन कुलूप बघून हंबरडा फोडती झाली, तेव्हा गाव म्हणालं, सख्खी बहीण धुळ्याहून आली म्हणजे खबर पक्की. आणि एवढं गाव जमलेलं बघून अक्का म्हणाली, म्हणजे खरंच गेला. आता फक्त जळगावच्या दवाखान्यातून गाडी यायची वाट होती. एकजण बांबू बघायलाही गेला होता.

कामिनी पुढे धावणार, तर नानांनी तिचा हात धरला आणि तिला निंबाच्या आड ओढलं. "थांब. ऐकू दे."

"नाना! लोक रडताहेत!"

"म्हणून तर. खरंच मेल्यावर मले ऐकू येणार नाही."

आणि काय काय ऐकलं त्यांनी! सरपंच सांगत होते, "शिव्या द्यायचा, पण पोटात पाप नव्हतं." भूपेंद्र डोळे पुसत होता. उखर्डू तर सगळ्यांत मोठ्याने रडत होता. "माझं नाव कापलं रे त्यानं, तरी मी पहिला आलो रे!" नाना गालात हसत होते. "ठेच्याची वाटी आता देतो का बघू," असं पुटपुटलेही.

मग अक्काचा आवाज परत वर आला, आणि या खेपेला तो फाटलेला होता. "आते पाच वाजाले मले कोन राम राम करी रे! मी तुले एकबी जबाब दिन्हा नही रे, मना राजा! तीन साल वाट देखी, आज ई, उद्या ई, मले लेवाले ई!"

भाऊ आज येईल, उद्या येईल, न्यायला येईल, म्हणून तीन वर्षं वाट बघत होती ती! नानांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. ते निंबाआडून निघाले आणि तसेच गर्दीतून चालत गेले. उखर्डूने त्यांना बघितलं आणि "भूत!" करून बोंब ठोकली. दोन बाया उठून पळाल्या. नाना जाऊन अक्काच्या पायांशी बसले.

"अक्का, मी अठी हाये. राम राम."

अक्काने बघितलं. मग प्रेतावर घालायला आणलेलं कोरं पांढरं कापड मांडीवर होतं, त्या गठ्ठ्यानेच तिने भावाला झोडपायला सुरुवात केली. "जित्ता शे? जित्ता शे तू? मंग सकायले राम राम काब्र नही?" नाना मार खात सांगत होते की ॲप बंद होतं, की त्यांनाच वाटलं अक्काने ब्लॉक केलं, आणि अक्का एक अक्षर न ऐकता मारत होती. शेवटी दमली, त्याच कापडाला नाक पुसलं आणि भावाचं डोकं पोटाशी धरून रडली.

कामिनीने कुलूप काढलं, पदर घेऊन अक्काच्या पाया पडली. अक्काने तिची हनुवटी धरून नीट निरखलं, बोटं मोडून दृष्ट काढली. "घरात चला ना, अक्का," कामिनी म्हणाली.

अक्का उठली. सगळ्यांना वाटलं, चालली आत. पण ती वळली आणि जीपकडे निघाली.

"अगं, कुठं?" नाना ओरडले.

अक्का थांबली. "मयतले बलावनं लागस नही, म्हनीसन मी उनी. जित्ता माणूसना घर जावाले बलावनं लागस. आते तू जित्ता शे."

भूषण म्हणाला, "आई, आता आलोच आहोत तर—" तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडी चालू करायलाच गेला. दारात ठेवलेल्या तांब्यातलं पाणीसुद्धा तिने घेतलं नाही. गाव बघत उभं राहिलं. नानाही उंबऱ्याशी उभे होते. तीन वर्षांपूर्वीचा चुडामण असता तर म्हणाला असता, जा, तुझी मर्जी. ओठांवर आलंही असेल. पण त्यांनी पायात चपला सरकवल्या, कामिनीला म्हणाले, "उद्या पुरणपोळ्या कर," आणि जाऊन जीपमध्ये अक्काच्या शेजारी बसले.

"तू कोठे?" अक्का म्हणाली.

"धुळ्याले. बहिणीले आणायला."

धुळे येईपर्यंत अक्का त्यांच्याशी एकदाच बोलली. एरंडोलजवळ भूषणने चहाला गाडी थांबवली तेव्हा नानांनी विचारलं, "या कापडाचं काय करायचं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ठेव. दुकानदार वापस लेवाव नही." नानांनी ते नीट घडी घालून मांडीवर घेतलं आणि सदरा शिवायला पुरेल का, ते वितीने मापून बघितलं. पुरत होतं.

रात्री जेवायच्या सुमाराला जीप अक्काच्या दाराशी थांबली. अक्का उतरली, आत गेली आणि तिने आतून दार लावून घेतलं. भूषण बाहेरच राहिला, त्याला काय करावं कळेना. नानांच्या खिशात फोन वाजला. ॲप चालू झालं होतं, सकाळचं घड्याळ जाऊन मेसेज पोचला होता. नानांनी तिकडे बघितलंही नाही. ते दुखऱ्या गुडघ्यांनी तीन पायऱ्या चढले आणि कडी वाजवली.

"कोन शे?" आतून आवाज आला.

"चुडामण. सावद्याहून आलो. अक्का, राम राम. तुले न्यायले आलो."

मग कडी निघाली.

"इतला उशीर करा तुनी," अक्का म्हणाली. "ये, पाय धोय. जेवाले बस."